बीडची लेक, पुण्याचं मैदान आणि खो-खोचा वर्ल्ड कप : प्रियांका इंगळेची कारकीर्द नेमकी कशी घडली?

१९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये खो-खोच्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड कपची फायनल. महिलांच्या सामन्यात भारतासमोर नेपाळ. स्कोअर झाला ७८-४० आणि कप भारताकडे आला. त्याच दिवशी पुरुषांच्या संघानेही नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. पुरुषांचा कॅप्टन होता प्रतीक वाईकर, महिलांची कॅप्टन होती प्रियांका इंगळे. दोघंही महाराष्ट्राचे.

त्या रात्री व्हॉट्सॲप स्टेटस आणि फेसबुकवर एकच ओळ फिरत होती, ती म्हणजे 'बीडची लेक जगज्जेती'. ओळ खरी आहे. प्रियांकाचं मूळ गाव बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं कळमअंबा. पण तिचा खेळ घडला तो पुण्याच्या मैदानावर, कारण तिचं कुटुंब कामधंद्यासाठी पुण्याकडे आलं होतं. तिची कारकीर्द समजून घ्यायची तर गाव बीडचं आणि मैदान पुण्याचं, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. कारण बीडमध्ये पळणाऱ्या पोरी कमी नाहीत. त्यांचं पुढे काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

बीडमध्ये मैदान का सुटतं?

गेवराई तालुक्यातलं तलवाडा घ्या. त्वरिता देवीचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. तलवाडा असो की केजमधलं कळमअंबा, जिल्ह्याच्या कुठल्याही टोकाला गेलं तरी वर्षाचं वेळापत्रक बऱ्याच घरांत सारखंच असतं. दसरा-दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात. बायको आणि नवरा मिळून 'एक कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो.

आता हे वेळापत्रक शालेय खेळाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात होतात, मग जिल्हा, मग विभाग, आणि राज्य पातळीवर जाईस्तोवर थंडी पडलेली असते. म्हणजे पोरगी जिल्ह्यातून वर निघायच्या वेळेला घर फडावर निघालेलं असतं. ती सोबत गेली तर शाळा बुडते. मागे आजीजवळ राहिली तर घरचं पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडं तिच्याकडे येतात. संध्याकाळी दोन तास मैदानावर जाणं ही चैन होऊन बसते.

दुसरी गोष्ट लग्नाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या चाळीसहून जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. खो-खोसारख्या खेळात खेळाडू तयार व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. बाराव्या वर्षी सुरुवात केली तर विशीत खरा खेळ दिसतो. सतराव्या वर्षी मांडव पडला तर तो खेळ कुणाला दिसणार?

याच जिल्ह्यातला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, तिथे त्याच्या पळण्याला प्रशिक्षक मिळाला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये तो रौप्यपदक घेऊन आला. गावातल्या पोरांना सैन्य भरती हा माहीत असलेला रस्ता आहे. पोरींसाठी तो रस्ता इतका रुंद नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या मुली आता गावोगाव दिसतात, पण त्यांचं पळणं भरतीपुरतं असतं. निवड झाली की थांबतं, नाही झाली तरी थांबतं.

प्रियांकाला खो-खो कुठे मिळाला?

पुण्याच्या बाजूला. शाळकरी वयात ती खो-खोकडे वळली आणि पुढे दीडेक दशक त्यातच राहिली. पुणे ही खो-खोची जुनी पेठ. या खेळाचे पहिले लिखित नियम केले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ च्या सुमारास. पुणे, सांगली, सातारा, सोलापूर, इचलकरंजी, ठाणे, मुंबई आणि धाराशिव इथल्या क्लबांमध्ये रोज संध्याकाळी खांब रोवलेले असतात आणि तिथे जुने खेळाडू नव्यांना शिकवतात. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धाही महाराष्ट्रातच, कोल्हापुरात झाली, १९६०-६१ मध्ये.

म्हणजे बीडहून पुण्याला आलेलं कुटुंब पोटासाठी आलं होतं, पण मुलीला मिळालं ते देशातलं सगळ्यात चांगलं खो-खोचं वातावरण. नशीब म्हणा हवं तर. मात्र पुण्यात येऊनही हजारो पोरी मैदानाकडे फिरकत नाहीत, त्यामुळे सगळं श्रेय नशिबाला देऊन चालणार नाही. प्रियांकाने वीसहून जास्त राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या आहेत. वर्षाला दीड-दोन राष्ट्रीय स्पर्धा, आणि प्रत्येकीच्या आधी निवड चाचणी आणि शिबिर. परीक्षा आणि शिबिर एकाच वेळी येणं हा या वयातल्या खेळाडूंचा नेहमीचा घोळ. तिने शिक्षणही सोडलं नाही, कॉमर्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

तिला मिळालेल्या पुरस्कारांवरून तिची चढण नीट कळते. खो-खोत राष्ट्रीय स्पर्धेच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला वयोगटानुसार वेगवेगळ्या नावांचा पुरस्कार असतो. सब-ज्युनिअर मुलींसाठी 'इला', ज्युनिअर मुलींसाठी 'जानकी' आणि वरिष्ठ महिलांसाठी 'राणी लक्ष्मीबाई'. मुलांसाठी हेच पुरस्कार 'भरत', 'वीर अभिमन्यू' आणि 'एकलव्य' या नावांनी दिले जातात. प्रियांकाने लहान गटात इला पुरस्कार घेतला आणि २०२२ मध्ये वरिष्ठ गटात राणी लक्ष्मीबाई. लहान गटात चमकणारे खेळाडू खूप असतात, त्यातले बहुतेक वरच्या गटात पोचेपर्यंत खेळाबाहेर गेलेले असतात. दोन्ही टोकांना नाव असणं म्हणजे मधली सगळी वर्षं टिकून राहणं. २०२३ मध्ये आसाममधल्या तामुलपूरला झालेल्या चौथ्या आशियाई खो-खो स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, त्यातही ती होती.

मातीतला खेळ मॅटवर आला आणि काय बदललं?

ज्यांनी शाळेत खो-खो खेळलाय त्यांना ७८-४० हा स्कोअर वाचून प्रश्न पडला असेल. आपल्या वेळी तर १२-११ असा निकाल लागायचा! उत्तर सोपं आहे. जुन्या पद्धतीत एक गडी बाद म्हणजे एक गुण आणि डाव नऊ मिनिटांचा. वर्ल्ड कप खेळला गेला वेगवान पद्धतीने. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, दोन पाळ्या आक्रमण आणि दोन संरक्षण. एक गडी टिपला की दोन गुण.

आक्रमकाला एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही, हा मूळ नियम तुम्हाला ठाऊक असेलच. नव्या पद्धतीत एका आक्रमकाला त्यातून सूट असते. त्याला म्हणतात 'वझीर'. बुद्धिबळातल्या वझिरासारखा तो कुठल्याही दिशेला पळू शकतो. एकसाखळी खेळत गड्यांमधून नागमोडी पळणाऱ्या संरक्षकाची त्यामुळे पंचाईत होते, कारण हुलकावणी देऊन मागे फिरलं तरी वझीर समोर उभा.

दुसरा बदल 'ड्रीम रन'. पूर्वी संरक्षकाने कितीही वेळ काढला तरी त्याच्या नावावर फक्त मिनिटं लागायची. आता तीन जणींच्या तुकडीने ठरावीक वेळेच्या पुढे तग धरला तर संरक्षण करणाऱ्या संघालाच गुण मिळतात. म्हणजे पळणारीलाही स्कोअरबोर्डवर जागा मिळाली.

आणि मॅट. मातीवर पाय किंचित सरकतो, त्या सरकण्याचा अंदाज घेऊन जुने खेळाडू वळायचे. मॅटवर पाय चिकटतो. वेग वाढतो, पण गुडघा आणि घोटा यांच्यावर येणारा पीळही वाढतो. सूर मारून गडी टिपताना कोपरं सोलवटतात ती वेगळीच. ज्या शाळेत मॅट नाही, तिथल्या मुलीला राज्य स्पर्धेत गेल्यावर पहिल्यांदा या जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. एका मॅटचा खर्च गावातल्या शाळेला झेपण्यातला नसतो. दोन खांब आणि मोकळी जागा एवढ्यावर चालणारा गरिबांचा खेळ म्हणून खो-खोचं कौतुक होतं, पण वरच्या पातळीवर तो आता तेवढा स्वस्त राहिलेला नाही.

वर्ल्ड कपमध्ये काय झालं?

महिलांच्या गटात १९ संघ होते. भारताच्या प्रशिक्षकपदी होते सुमित भाटिया, तर १५ जणींच्या संघाची धुरा प्रियांकाकडे. महाराष्ट्रातूनच अश्विनी शिंदे आणि रेश्मा राठोड यांच्यासारख्या तिच्या जुन्या सोबतिणी संघात होत्या.

भारताचा पहिला सामना संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला दक्षिण कोरियाशी झाला. स्कोअर १७५-१८. नंतर इराणला १००-१६, मलेशियाला १००-२०. क्वार्टर फायनलमध्ये बांगलादेशला १०९-१६ आणि सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला ६६-१६. फायनल धरून सहा सामन्यांत भारताने ६२८ गुण केले आणि दिले १२६.

फायनल पाळीगणिक बघितली की खरी लढत कुठे होती ते कळतं. पहिल्या पाळीत भारताने आक्रमण केलं आणि ३४-० अशी आघाडी घेतली. सतरा गडी बाद, आणि नेपाळच्या एकाही तुकडीला ड्रीम रनपर्यंत पोचता आलं नाही. दुसऱ्या पाळीत नेपाळने पाठलाग केला आणि पाळी संपली तेव्हा ३५-२४ असं अंतर राहिलं. म्हणजे भारताच्या बारा जणी बाद झाल्या होत्या आणि संरक्षणातून मिळाला होता एकच गुण. सबंध स्पर्धेत कुणी भारताच्या इतकं जवळ आलं नव्हतं. तिसऱ्या पाळीत भारताने ३८ गुण कुटले आणि स्कोअर ७३-२४ वर नेला. सामना तिथेच संपला. शेवटच्या पाळीत कर्नाटकच्या चैत्रा बी. हिच्या तुकडीने लांबलचक ड्रीम रन काढून पाच गुण जोडले.

खो-खोत कॅप्टनचं काम टीव्हीवर दिसत नाही. कुठली तुकडी आधी पळवायची, दमदार संरक्षक पहिल्या तिघींत घालायची की मागे राखून ठेवायची, समोरची मुलगी रिंग खेळतेय की साखळी हे ओळखून वझीर कधी सोडायचा, हे सगळे निर्णय प्रशिक्षकासोबत तिला घ्यायचे असतात, आणि तेही सात मिनिटांत.

एकाच देशाचा खेळ, मग कसला वर्ल्ड कप?

१७५-१८ हा स्कोअर बघून बऱ्याच जणांनी कमेंटमध्ये हाच टोमणा मारला होता. टोमण्यात तथ्य नाही असं नाही. कोरिया, इराणमध्ये खो-खो नवा आहे, आणि दीडशे गुणांच्या फरकाने जिंकलेला सामना ही काही कसोटी नव्हे. नेपाळ सोडला तर भारताला घाम फोडणारा संघ स्पर्धेत नव्हता.

पण एका देशापुरता खेळ म्हणजे हलका खेळ, हा हिशेब चुकीचा आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे बघावं लागेल. तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल नावाचा खेळ आहे. लंबगोल चेंडू, क्रिकेटच्या मैदानाएवढं मैदान, चेंडू हाताने ठोसा मारून द्यायचा, पायाने मारायचा आणि चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांमधून गोल करायचा. व्यावसायिक पातळीवर हा खेळ ऑस्ट्रेलियाबाहेर कुठेच खेळला जात नाही. तरी त्याच्या फायनलला लाखभर माणूस येतं. पुरुषांची मोठी लीग तिथे १८९७ पासून आहे. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१७ मध्ये. मधे १२० वर्षं गेली.

त्या १२० वर्षांत पोरींचं काय होत होतं ते एरिन फिलिप्सच्या कारकिर्दीत दिसतं. जन्म १९८५ चा. वडील ग्रेग फिलिप्स या खेळातले नावाजलेले खेळाडू. एरिन मुलांच्या संघात खेळायची आणि त्यांना भारी पडायची. तेरा वर्षांची झाली आणि सांगितलं गेलं की आता मुलांसोबत खेळता येणार नाही. मुलींसाठी पुढे संघच नव्हता. ती बास्केटबॉलकडे वळली, अमेरिकेत जाऊन २०१२ आणि २०१४ मध्ये तिथल्या महिला लीगची विजेती झाली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकही खेळली.

लीग सुरू झाली तेव्हा एरिन तिशी ओलांडून गेली होती. ती परत आली, ॲडलेड क्रोजची सह-कॅप्टन झाली आणि पहिल्याच हंगामात संघ विजेता, तर ती स्वतः लीगची सर्वोत्कृष्ट खेळाडू. २०१९ मध्ये पुन्हा तेच. त्या वर्षीची फायनल बघायला ॲडलेड ओव्हलवर ५३,०३४ प्रेक्षक आले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तिला मैदानाबाहेर नेताना अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि सामना संपल्यावर सामनावीर म्हणून तिचंच नाव पुकारलं गेलं. २०२२ मध्ये तिसरं विजेतेपद, नंतर वडिलांच्या पोर्ट ॲडलेड क्लबच्या पहिल्या महिला संघाचं कॅप्टनपद, आणि २०२३ मध्ये निवृत्ती. तेरा ते एकतीस ही मधली वर्षं मात्र तिच्या आवडत्या खेळाला मिळाली नाहीत.

एरिनला बास्केटबॉलचा दुसरा दरवाजा होता. बीड-धाराशिवकडच्या मुलीला तसा दरवाजा नसतो.

पैशाचं गणित

ऑस्ट्रेलियातली महिला लीग सुरू झाली तेव्हा तिथेही पैसे फार नव्हते. पहिल्या हंगामात सर्वांत खालच्या गटातल्या खेळाडूला सुमारे ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते. नर्स, शिक्षिका, पोलीस अशा नोकऱ्या सांभाळून मुली खेळायच्या. पण लीग उभी राहिली, पहिल्या सामन्याला मेलबर्नमध्ये २४ हजारांवर माणसं आली, मैदान भरल्यामुळे दारं बंद करावी लागली, आणि आठ संघांची लीग पाचच वर्षांत अठरा संघांची झाली.

भारतात खो-खोची व्यावसायिक लीग आली २०२२ मध्ये. 'अल्टिमेट खो-खो', पहिला हंगाम पुण्याच्या बालेवाडीत. फ्रँचायझी, ड्राफ्ट, टीव्ही, सगळं काही. पण ती होती फक्त पुरुषांची. त्याच वर्षी देशातली सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरलेल्या प्रियांकाला त्या ड्राफ्टमध्ये उभं राहायची सोयच नव्हती. दुसरा हंगामही पुरुषांचाच झाला.

म्हणून महिला खो-खोपटूच्या कारकिर्दीत लीगच्या जागी नोकरी असते. खेळाडू कोट्यातून रेल्वे, विमानतळ प्राधिकरण, पोलीस, प्राप्तिकर अशा ठिकाणी लागायचं, पगार घ्यायचा आणि खेळायचं. प्रियांका वर्ल्ड कप खेळली तेव्हा मुंबईत प्राप्तिकर खात्यात नोकरीला होती. लोकांना वाटतं नोकरी मिळाली म्हणजे खेळाचं बक्षीस मिळालं. प्रत्यक्षात ती खेळत राहण्याची अट असते. घरी 'खेळून काय मिळणार' या प्रश्नाला दाखवता येईल असं एकच उत्तर म्हणजे नेमणुकीचं पत्र. ते विशीच्या आत-बाहेर आलं तर लग्नाची बोलणी दोन-चार वर्षं पुढे ढकलता येतात. नाही आलं तर अवघड होतं.

वर्ल्ड कपनंतर महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर केली. ही रक्कम किती मोठी होती ते शेजारच्या राज्यात कळलं. कर्नाटक सरकारने आपल्या दोन खेळाडूंना, गौतम एम. के. आणि चैत्रा बी. यांना, पाच-पाच लाख जाहीर केले. दोघांनी ते घ्यायला नकार दिला आणि महाराष्ट्राचं उदाहरण पुढे केलं. कप एकच, मॅट एकच, फायनलला ड्रीम रन काढणारी चैत्रा, आणि बक्षिसात पंचेचाळीस पटींचा फरक. खेळाडूचा जन्म कुठल्या राज्यात झाला यावर तिच्या मेडलची किंमत ठरावी, हे काही बरोबर दिसत नाही. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या बाबतीत राज्याने हात आखडता घेतला नाही, हे मान्य करावं लागेल.

गाव न सोडता कुणाला जमलंय का?

जमलंय. बीडला लागूनच असलेल्या धाराशिव जिल्ह्यातली सारिका काळे. घरची परिस्थिती इतकी बिकट की कित्येक वर्षं दिवसाला एकच वेळ पोटभर जेवण मिळायचं, हे तिने स्वतः सांगितलेलं आहे. तेराव्या वर्षाच्या आसपास ती मैदानावर आली. धाराशिवमध्ये चंद्रजीत जाधव यांच्यासारखे प्रशिक्षक मुलींना तयार करत होते, त्यामुळे तिला पुणे गाठावं लागलं नाही. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला आणि सारिकाच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी पैशाच्या ओढाताणीने तिच्या मनात खेळ सोडायचा विचार येऊन गेला होता. कॅप्टन, गळ्यात सुवर्णपदक, आणि तरी खेळ सोडावा का हा विचार!

सोडला नाही. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. त्या वेळी ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती, म्हणजे ज्या पायरीवर बहुतेक मुली गळतात, त्याच पायरीवर आता टेबलाच्या पलीकडे ती बसलेली.

सारिका आणि प्रियांका, दोघींच्या गोष्टीत एक सारखेपणा आहे. दोघींना मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर किंवा एका बसच्या टप्प्यात मिळालं. एकीला धाराशिवमध्ये, दुसरीला पुण्यात. धाराशिवमधून मुलींचे राष्ट्रीय खेळाडू निघत राहतात (वर्ल्ड कप संघातली अश्विनी शिंदेही धाराशिवचीच), कारण तिथे वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी कुणीतरी शिकवत उभं आहे. बीडची माती आणि धाराशिवची माती वेगळी नाही. पाऊसही तितकाच आणि ऊसतोडही दोन्हीकडे. फरक त्या रोजच्या मैदानाचा आहे.

तलवाड्यातल्या सातवीच्या मुलीला आज खो-खो खेळायचा असेल तर?

रस्ता शाळेतूनच सुरू होतो. क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. नाव शाळेमार्फतच द्यावं लागतं, त्यामुळे शाळेत क्रीडाशिक्षक नसेल तर कुठल्या तरी गुरुजींना किंवा बाईंना पुढाकार घ्यावा लागतो. गेवराईच्या तालुका स्पर्धेत जिंकलेला संघ बीडला जिल्हा स्पर्धेला जातो, तिथून विभाग आणि मग राज्य. शालेय स्पर्धेशिवाय खो-खो संघटनेच्या सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर गटांच्या वेगळ्या निवड चाचण्या असतात. इला आणि जानकी पुरस्कार ज्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये दिले जातात, त्यांचा रस्ता या चाचण्यांतून जातो. दोन्हीकडे खेळता येतं.

जन्मतारखेचा दाखला शाळेच्या रेकॉर्डशी जुळलेला असावा, यात घोळ झाला की मुलगी चांगली असूनही गटाबाहेर जाते. फडावर गेलेल्या घरांत हा घोळ जास्त होतो, कारण मधेच दुसऱ्या शाळेत नाव घातलेलं असतं. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं, कारण दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण त्यावरच मिळतात. पुढे राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी नुसता सहभाग पुरत नाही. ठरावीक पातळीची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. संघाच्या खेळात एकटीचं नाव निघत नाही, संघ जिंकावा लागतो, म्हणून गावातून एक नाही तर दहा-बारा मुली एकत्र मैदानावर याव्या लागतात.

तालुक्याच्या स्पर्धांची पत्रं बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टच्या सुमारास शाळांत पोचतात. तेव्हा गावात सगळी घरं भरलेली असतात, गाड्या भरायला अजून दोन-तीन महिने असतात.